झुंबरबाईचा दुसरा पेला

औंढ्याची झुंबरबाई पाण्याचं दूध करते, ही बातमी आमच्या आळीत शेजारच्या लीलाबाईंनी फोडली.

"मी कशाला कुणाबद्दल बोलू? मी आपलं पाहिलं ते सांगते. पेल्यात हिरवं औषध होतं, वरून पाणी. धारसुद्धा नाही हो, थेंब थेंब. आणि बघता बघता पेल्यात पांढरंफेक दूध. आता तुम्हीच ठरवा, रोज पोरांच्या तोंडात काय घालताय ते."

लीलाबाई 'मी कशाला बोलू' म्हणताना मान डावीकडे टाकतात आणि 'तुम्हीच ठरवा' म्हणताना उजवीकडे. मधे मान सरळ येते तेव्हा श्वास घेतात. ही नक्कल सोपी आहे, कुणालाही जमेल.

लोणावळ्याच्या बाजारातून रेल्वेच्या चाळीपर्यंत जाता जाता बातमीला पाय फुटले. हिरव्या औषधाची पावडर झाली, पावडरीची राख झाली, आणि शेवटी ती राख झुंबरबाईला घाटातल्या कुणा बैराग्याने दिली असं ठरलं. चिक्कीवाल्याने तर बैराग्याची जटा कशी होती तेही सांगितलं.

लीलाबाईंनी जे पाहिलं ते मात्र खरं आहे. पेला होता, हिरवं होतं, थेंब होते, आणि पांढरंही झालं होतं. फक्त ते दूध नव्हतं. झुंबरबाईने दुधात पाणी कधी घातलेलं नाही. ते काय होतं हे मला माहीत आहे, कारण तो पेला आमच्याच मागच्या पडवीत होता आणि मी समोरच्या पायरीवर बसले होते.

झुंबरबाईला आमच्याकडे सगळे लहानपणापासून ओळखतात. म्हणजे आमच्या लहानपणापासून. तिचं लहानपण कुणी पाहिलेलं नाही. औंढ्याहून ती डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळेची चरवी घेऊन येते. दूध हिंदकळू नये म्हणून चरवीत गवताची जुडी सोडलेली असते. माप ओतून झालं की वर थोडं आणखी ओतते आणि म्हणते, "हे म्हशीकडनं." म्हशीचं नाव रंगू. झुंबरबाई स्वतःबद्दल चार वाक्यं बोलत असेल तर त्यातली तीन रंगूबद्दल असतात. "आज रंगूचं मन न्हाई." "रंगूला इजांचा आवाज सोसत न्हाई." आवाज जाडा, शेवटचा शब्द जरा ओढलेला, आणि बोलून झालं की नाकातून एक बारीक हुंकार. हा हुंकार मला अजून नीट जमत नाही.

गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली ती मानमोडीच्या तापाच्या साली, नवरा गेला तेव्हा. पण नवरा तापाने गेला नाही. साऱ्या गावात लोक तापाने मरत होते आणि हा हातभट्टीची पिऊन ओढ्यात पडून मेला. "सरकारी मरण व्हतं समद्यांना, ह्याने तेबी घेतलं न्हाई," असं तिनेच एकदा आईला सांगितलं होतं. तो जिवंत होता तेव्हा पिऊन आला की ती त्याला घरात घेत नसे. गोठ्यात झोपवायची. सकाळी गावच्या बाया पाण्याला निघायच्या वेळी त्याला मुद्दाम हाक मारून उठवायची, म्हणजे गवत लागलेल्या केसांनी त्याला सगळ्यांच्या समोरून जावं लागे. हे तिने जरा अभिमानानेच सांगितलं होतं.

आता पेल्याचं.

आमचे शरूकाका मुंबईला गोदीजवळच्या एका लिलावघरात कारकून आहेत. साहेब लोक विलायतेला परत जाताना घरातलं सामान विकतात, त्यातलं जे कुणीच घेत नाही ते काकांकडे येतं. आमच्याकडे त्यामुळे तीन पायांचा पितळी हत्ती आहे. ह्या खेपेला काकांनी धोतराच्या घडीत गुंडाळून हिरव्या विलायती दारूची एक बाटली आणली. बाटलीवरची धूळसुद्धा त्यांनी पुसली नव्हती. म्हणाले, "धूळ पुसायची नसते, तीच तिची जन्मपत्रिका. लढाईच्या आधीची आहे. आता तर फ्रान्सात हिच्यावर बंदी. आबसांत." हे शेवटचं नाकातून. काकांना फ्रेंच येत नाही, पण नाक आहे.

आई तळेगावला डोहाळजेवणाला गेली होती आणि बाबांची बदली दौंडला, त्यामुळे घरात राज्य काकांचं. दुपारी त्यांनी पडवीत पाट मांडला.

"हे नुसतं ओतून प्यायचं नसतं," काका म्हणाले. "ह्याला विधी असतो. सामान विकणाऱ्या साहेबाचा गोवेकर बटलर होता ना, त्याने मला सगळं समजावलंय. जुन्या पद्धतीचं कॉकटेल. पेल्यावर भोकाचा चमचा, चमच्यावर साखरेचा खडा, आणि खड्यावर थेंब थेंब गार पाणी. घाई केली की बिघडलं."

भोकाचा चमचा म्हणून मी झारा आणला. जिलबीचा झारा पेल्यापेक्षा मोठा, तो पेल्यावर छत्रीसारखा बसला. साखरेचा खडा म्हणून खडीसाखर. स्टेशनवरून काकांनी बर्फ आणून भुश्यात ठेवला होता. बटलर आणखी कसले तरी कडू थेंब घाल म्हणाला होता. ते नव्हते म्हणून आईच्या काडेचिराइताच्या काढ्याचे दोन थेंब. राहिला थेंब थेंब पाण्याचा प्रश्न. काका तांब्याने ओतून बघत होते, तर धार पडत होती. मग ते उठले, देवघरात गेले, आणि शंकराच्या पिंडीवर श्रावणात टांगतो ते अभिषेकपात्र घेऊन आले. तळाला बारीक भोक असलेलं. पडवीच्या आढ्याच्या कडीला ते टांगलं, त्यात बर्फाचं पाणी ओतलं, आणि झाऱ्यावरच्या खडीसाखरेवर टप, टप सुरू झालं.

"काका," मी म्हटलं, "आई."

"आई तळेगावात आहे," काका म्हणाले. "आणि पाणी शुद्धच आहे."

खडीसाखर काही केल्या विरघळेना. ती विरघळण्याची वाट बघत आम्ही दोघं पेल्याकडे टक लावून बसलो होतो, आणि त्यात मागच्या दाराने झुंबरबाई दुपारचं दूध घेऊन आली. तिने चरवी उतरवली, आणि टांगलेलं अभिषेकपात्र बघून आधी हात जोडले.

"कसलं बरत हाय, शरूदादा?"

काकांना उत्तर सुचायच्या आत पेल्यात ते सुरू झालं. हिरव्यात थेंब पडला की तिथे धुरासारखी पांढरी रेघ उमटायची आणि खाली जाऊन विरायची. मग रेघा विरेनाशा झाल्या. पेला तळापासून ढगाळत वर आला आणि सगळा पांढरा झाला. जरासा हिरवट, जरासा निळसर.

झुंबरबाई खाली बसली. आयुष्यभर दूध बघितलेली बाई. तिने पेला झाऱ्याखालून काढून उजेडाला धरला. "अगं बया. दूध झालं." पुन्हा झाऱ्याखाली ठेवला. "सोडा पाणी आजून. घट व्हतंय बगा. शेळीच्या दुधावानी दिसतंय, पर चिकाचा रंग हाय." आमच्या मेंदीच्या कुंपणापलीकडे लीलाबाई वाळवण उचलायला आल्या होत्या, पेला हिरवा होता तेव्हाच. तेवढं बघून त्या गेल्या. वाळवण तिथेच राहिलं.

झुंबरबाईने वास घेतला. "बडीशेप. आन दवणा. आर्क हाय व्हय ह्यो? माज्या पोटात सकाळपास्नं वारा धरलाय."

काका म्हणाले, "अर्कच म्हणायचा." अर्क हा शब्द चुकीचा नव्हता, हे काकांनी नंतर आईला पुष्कळ समजावलं.

तिने पेला घेतला आणि काढा घेतात तसा एका दमात घेतला. चव मला तिच्या तोंडावरच वाचता आली. आधी बडीशेपेचा गोडवा आला तेव्हा भुवया सैल झाल्या. मग काडेचिराइताचा कडूपणा जिभेच्या मागे लागला तेव्हा एक डोळा मिटला. मग काहीतरी घशातून खाली गेलं आणि दोन्ही डोळे उघडले, मोठे. तिने काकांकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. माळेला हात लावला. तिला कळलं होतं. अठरा वर्षं जिच्या घरात तो वास येत होता तिला बडीशेपेने किती वेळ फसवणार?

आणि मग तिने पेला पुढे केला. "आजून एक करा," म्हणाली. "वारा जायचाय."

दुसऱ्या पेल्याच्या वेळी काकांनीसुद्धा स्वतःला एक केला. टप टप टप. हा तिने हळूहळू घेतला, चहासारखा, घोटाघोटाने, डोळे मिटून. मग हसायला लागली. झुंबरबाईला मी हसताना पाहिलं होतं, पण आवाजासकट नाही. म्हणाली, "पोरी, तू लय नकला करतीस. माजी बग." आणि उठून तिने आपल्या नवऱ्याची चाल करून दाखवली. कमरेत सैल, एक पाय शोधत शोधत पुढे टाकायचा, तो सापडला की दुसऱ्याचा विसर, हाताने हवेत एक भिंत धरायची, आणि भिंत हलली म्हणून तिला शिव्या द्यायच्या. मी खरं सांगते, इतकी हुबेहूब नक्कल मी कधी पाहिली नाही. मी टाळ्या वाजवल्या. पडवीच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि वळताना खांबाला धडकली.

तिथे ती थांबली. खांबाला धरून उभी राहिली. हात सोडून बघितला, तर पाय खरंच सापडेना.

"मी नक्कल करत न्हाई गं," ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

मग ती खांबाजवळ बसली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. काकांनी लिंबूपाणी दिलं, ते घेतलं नाही. उन्हं उतरेपर्यंत तशीच बसली होती. मग विचारलं, "आत्ता नीट चालतीया का मी? बग बरं." मी बघितलं. नीट चालत होती. ती मागच्या दाराने गेली आणि नेहमीच्या बाजाराच्या वाटेने न जाता ओढ्याकडून वळली.

आई संध्याकाळी आली आणि तिला कुणी सांगावं लागलं नाही. दिवा लावायला देवघरात गेली ती अभिषेकपात्र नाकाशी धरूनच बाहेर आली. चिंच, राख, पुन्हा चिंच. घासताना ती काकांशी बोलत होती, पण भांड्याकडे बघून. "भावोजी, उद्या पहिली गाडी किती वाजता असते?" काकांना गाडी माहीत होती.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई दूध घालायला आली तेव्हा आईने तिला माजघराच्या दारात थांबवलं. "झुंबरबाई, झालं ते आपल्या दोघींत राहू दे. आमच्या घराची अब्रू आहे."

"व्हय, वैनी," ती म्हणाली. "माजीबी तीच इनंती."

दोघींची मागणी एकच होती, म्हणून दोघींना बरं वाटलं. पण लीलाबाई तोवर चार घरं हिंडल्या होत्या.

आळीतले रतीब एकेक करून बंद झाले. कुणी तोंडावर बोललं नाही. "पुतण्या आलाय, तो गाईचंच पितो." "डॉक्टरांनी मला दूध बंद सांगितलंय." एकीने तर मांजर मेलं म्हणून रतीब बंद केला. झुंबरबाई प्रत्येकीला "बरं वैनी" म्हणायची. गवताची जुडी आता चरवीत डुबायचीसुद्धा नाही, दूध एवढं थोडं आणायची. आई आमचं माप वाढवून घ्यायला लागली. रोज खीर. रोज बासुंदी. मला खिरीचा तिटकारा आला, आणि आई ती ढवळताना कुणाच्याच डोळ्यांत बघायची नाही.

खरं सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं: दूध नव्हतं ते, दारू होती. पण झुंबरबाईच्या गळ्यात माळ. औंढ्याला माळकऱ्याचं पथ्य मोडलं की एकादशीच्या भजनात अंबाजीबुवांसमोर उभं राहून सांगावं लागतं आणि माळ उतरवून द्यावी लागते. बुवा रागावत नाहीत. नुसते हात पुढे करतात. झुंबरबाई म्हणायची की रागावले असते तर बरं. आणि गावात अजून अशा म्हाताऱ्या आहेत ज्यांनी तिच्या नवऱ्याला केसांत गवत घेऊन गोठ्यातून निघताना पाहिलं होतं.

चैत्र उजाडला. एक दिवस तिला हसवावं म्हणून मी मागच्या पायरीवर लीलाबाई केली. मान डावीकडे, मान उजवीकडे, 'पांढरंफेक'. झुंबरबाई हसली नाही. मापं धुवत राहिली.

"मला बोलत्यात ते बोलू दे," ती म्हणाली. "मी खोटी हायेच. पर दूध माजं हाय का? रंगूचं हाय. तिच्या नावाला बट्टा लागलाय. तिला तोंड हाय पर बोलता येत न्हाई. मला येतंय, तर मी गप."

"मग सांग ना."

"सांगीन."

"तू काय सांगतेस, मावशी," मी म्हटलं. मला तिचा ओढलेला शेवटचा शब्द आवडतो, तो काढूनच म्हटलं. "आणि सांगितलंस तरी म्हणशील, आर्क म्हणून प्याले, मला काय ठावं. दुसऱ्या पेल्याचं नाव निघायचं नाही तुझ्या तोंडून. पैज."

तिने माझ्याकडे बघितलं. "हरलीस तर गोठ्यात यीवून गवऱ्या थापशील? पावसाळ्याची बेगमी करायचीय."

"थापीन. आणि तू हरलीस तर नवऱ्याची ती चाल मला पुन्हा करून दाखवायची. सावकाश. मला पाय नीट बघायचेत."

मापातलं पाणी तिने ओतून दिलं. मग पुन्हा भरून पुन्हा ओतलं. "बरं," म्हणाली.

आठवड्याने लीलाबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आळीतल्या सगळ्या बायका, कैरीची डाळ, पन्हं, गौरीसमोर कलिंगडाचं कमळ. मी आईशेजारी बसले होते. झुंबरबाई अंगणात येऊन उभी राहिली, डोक्यावर चरवी नाही, हात मोकळे. मोकळ्या हातांनी तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"ये हो झुंबरबाई, डाळ घे," लीलाबाई म्हणाल्या. मान सरळ होती.

"डाळ नगं, वैनी. तुमी कुपावरनं बगितलंत ते दूध नव्हतं. दारू व्हती. साहेबाची. पाणी पडलं की पांढरी व्हती. पयला पेला मी आर्क म्हणून प्याले. दुसरा दारू म्हणून प्याले. ग्वाड लागली म्हणून प्याले. म्हशीचा ह्यात काई दोस न्हाई."

आणि माळ गळ्यातून काढून मुठीत धरली.

कुणाच्या हातातला पन्ह्याचा पेला हलला नाही. लीलाबाईंची मान डावीकडे गेली आणि तिथेच राहिली. सगळ्यांना माहीत होतं की कुंपणाच्या त्या बाजूला घर कुणाचं आहे; सगळ्या जणी गौरीकडे बघत होत्या, म्हणजे आमच्याकडे बघत नव्हत्या.

"कुणाच्या घरी गं?" एकीने हळूच विचारलं.

"घर इचारू नगा. प्याले मी."

मी आईकडे बघितलं नाही. तिच्या बांगड्यांकडे बघत होते. त्या वाजल्या. आई म्हणाली, "आमच्या घरी." तेवढ्यावर थांबली असती तरी पुष्कळ होतं, पण बोलायला लागल्यावर तिला थांबता आलं नाही. "आणि पाणी पडत होतं ते अभिषेकपात्रातून. ते आमच्या देवघरातलंच. मी घासलंय." शेवटचे दोन शब्द इतके खाली गेले की शेजारच्या बाईने "काय म्हणाल्या?" म्हणून विचारलं, आणि आईला ते पुन्हा म्हणावं लागलं.

काकांना आईने कार्ड टाकलं, त्यात नुसतं क्षेम.

एकादशीला बुवांनी हात पुढे केला तेव्हा झुंबरबाईने माळ दिली. "कार्तिकीपतुर बिनमाळंचं ऱ्हा," ते म्हणाले. रतीब अर्धे परत आले. लीलाबाईंचा पहिला. "मी कुठे दुधाला नावं ठेवली? मी आपलं पाहिलं ते सांगितलं." बाकीच्या अर्ध्या घरांना पूर्वी दुधात पाणी चालत नव्हतं, आता दूधवालीची दारू चालत नाही. औंढ्याच्या पाणवठ्यावर काय बोलतात ते झुंबरबाई मला सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "मी नवऱ्याला जे बोलत हुते तेच."

मी औंढ्याला गेले. आईने जा म्हटलं. तिने एवढंच म्हटलं. झुंबरबाईच्या मानेवर माळेच्या जागी फिकट रेघ होती, आणि बोलताना तिचा हात सारखा तिथे जाऊन रिकामा परत येत होता. रंगूने मला हुंगलं आणि तोंड फिरवलं. शेणात भुसा कालवून गोळा करायचा, तळव्यावर फिरवायचा आणि गोठ्याच्या भिंतीवर फेकून पसरायचा. झुंबरबाईची गवरी भिंतीला लागल्यावर चपकन आवाज येतो. माझी पहिली लागली, थोडी थांबली, आणि सावकाश घसरत खाली माझ्या पावलावर येऊन बसली.

"मावशी, कोपरापर्यंत लागलंय. एवढ्याच केल्या तर चालेल?"

"ती सगळी भिंत," झुंबरबाई म्हणाली, आणि नाकातून हुंकार दिला.